इस्तवाची दिवळी

१

नांदूरघाटच्या अलीकडच्या त्या वाडीत दिवाळी सरली की निम्म्या दारांना कुलपं लागायची. माणसं ऊस तोडायला कारखान्यांकडं जायची, ती गुढीपाडव्यालाच परतायची. मागं राहायचे ते म्हातारेकोतारे, चार शेरडं आणि दूध सोसायटीच्या नावानं गावाला चिकटून राहिलेले लोक. राधाकिशन त्यांतला. सोसायटीच्या केंद्रावर दूध मापून घ्यायचं त्याचं काम. आता असल्या दुष्काळात मापायला दूध आणायचं कुठून? जनावरं छावणीत, कॅन पालथे, आणि हा गडी कॅनावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला पुढच्या इलेक्शनात कोण पडणार ते सांगायचा.

सोसायटीनं त्या साली एक काम मात्र केलं. सभासदांच्या घरोघरी निर्धूर चुली बसवल्या. चेअरमननं पहिल्या चुलीला चक्क लाल फीत बांधून कापली. खरं काम गहिनीनाथ गवंड्यानं केलं. दोन तोंडांची मातीची चूल, मागं सिमेंटचं धुराडं माळवदातून वर काढलेलं आणि धुराड्याच्या गळ्यात पत्र्याची झडप. चूल झाली की गहिनीनाथ घरच्या बाईला समोर बसवायचा आणि शाळामास्तरागत पाठ म्हणून घ्यायचा.

"आधी झडप उघडायची. मग कालची राख काढायची. पैल्यांदा काड्या, वाळलेल्या. काड्या धरल्या की बोटाएवढं लाकूड, मग मनगटाएवढं. कोंबाकोंब न्हाई करायची. लाकूड तोंडाभाईर लोंबू द्यायचं न्हाई. धुराड्यात चिंधी बांधलेली दोरी फिरवायची, न्हाई तर काजळी धरती आन धूर माघारी येतो. आन दार लावून इस्तवापाशी झोपायचं न्हाई कुणी. झोपलं तर उठत न्हाई."

"लुगडं नेसायचं बी शिकवून जा आता," साखराबाई म्हणाली. राधाकिशनची ही बायको, जन्म चुलीपुढं गेलेली. तिला चूल पेटवायला गवंडी शिकवणार म्हणजे कमालच झाली.

पण बोलली तरी तिनं शब्द न् शब्द ध्यानात ठेवला. त्याला कारण होतं. तिची लेक सुंदरबाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि बाळ दिवस भरायच्या आधीच झालं होतं. मुलगा. मुठीत मावेल एवढा. छाती नाजूक. केजच्या डॉक्टरनं बजावून सांगितलं होतं की घरात धूर झाला तर हे लेकरू हाती लागायचं नाही. साखराबाईनं त्या दिवसापासून चुलीपुढं ठाणच मांडलं. लाकडं उन्हात वाळवून घ्यायची, काडी कानाशी नेऊन मोडायची, कडकन मोडली तरच आत. लेकराचा श्वास तिच्या हातात होता, आणि ती ते क्षणभर विसरत नव्हती.

२

राधाकिशनच्या आणि शेजारच्या म्हाळूच्या घराला मिळून एकच भिंत. दोन्ही घरांच्या चुली त्याच भिंतीला पाठ लावून, आणि दोन्ही चुलींच्या मधोमध भिंतीत आरपार दिवळी, कोनाड्याएवढी. पणती ठेवायची नव्हे, इस्तवाची. काड्याची पेटी घरात असो नसो, बायका सकाळी इस्तू, म्हणजे पेटता निखारा, एकमेकींकडूनच घ्यायच्या. म्हाळूची बायको कडूबाई पलीकडून हाक द्यायची, "अक्का, इस्तू हाय का?" साखराबाई गोवरीच्या तुकड्यावर निखारा ठेवून दिवळीत सरकवायची, पलीकडून हात येऊन तो घेऊन जायचा. दोघी सुना होऊन आल्या तेव्हापासूनचं हे चाललेलं. तोंड न बघता किती भांडणं आणि किती गुजगोष्टी त्या दिवळीतून झाल्या असतील, देव जाणे.

त्या देण्याघेण्याचे नेम होते. इस्तू मागितल्यावर गप्प बसायचं नाही. नसला तर "चूल निवली" म्हणायचं. "विझली" हा शब्द चुलीपाशी कुणी तोंडातून काढत नसे. आणि ज्या घरात ओली बाळंतीण आहे, त्या घरानं बारसं होईपर्यंत इस्तू बाहेर द्यायचा नाही. अशा घरानं असलेली चूलही निवली म्हणून सांगायची, मागणारणीनं समजून घ्यायचं आणि दुसरं दार बघायचं.

म्हाळू आणि कडूबाई त्या साली लवकरच उसाला गेले. किल्ली नेहमीप्रमाणं साखराबाईच्या कनवटीला. निर्धूर चूल बसवताना गहिनीनाथनं दिवळीत साखराबाईच्या बाजूनं एक वीट ठेवून दिली. लिंपली नाही. म्हणाला, "भिंत सामायकीची हाय. कडूबाई आली की तिला इचारून लिंपू. मागून कटकट नगं."

३

त्या सकाळी साखराबाईनं झडप उघडली, राख घमेल्यात काढली, काड्या रचल्या, पेटवल्या. जाळ सरळ धुराड्याकडं ओढला गेला. घरात धुराची रेघ नाही. आतल्या खोलीत सुंदरबाई लेकराला पाजत होती. साखराबाईनं तवा ठेवला, पहिली भाकरी थापली, आणि तिला फुंकणीचा आवाज आला.

फूऽऽ. थांबून पुन्हा फूऽऽ.

तिची फुंकणी खिळ्याला टांगलेली होती. नव्या चुलीला फुंकर लागतच नाही, तेच तर तिचं कौतुक. तिनं भाकरी परतली आणि मनाशी ठरवलं की वारं आहे. धुराड्याच्या तोंडावर वारं फिरलं की असा आवाज होतो, गहिनीनाथनं सांगितलं होतं. सांगितलं नसलं तरी सांगितलं असतं.

तिनं दिवळीतल्या विटेला हात लावून बघितला. वीट कोमट होती. ती तर असणारच, आपलीच चूल तिला लागून आहे.

"अक्का, इस्तू हाय का?"

साखराबाईचा हात आपसूक चिमट्याकडं गेला. निखारा चिमट्यात धरलासुद्धा, आणि मग तिला आठवलं की पलीकडच्या घराला कुलूप आहे आणि त्या कुलपाची किल्ली आपल्याच कमरेला आहे. चिमटा तसाच धरून ती बसून राहिली. तव्यावरची भाकरी करपून गेली.

"माय, काय जळायलंय गं?" आतून सुंदरबाई म्हणाली.

"काय न्हाई. ध्यान न्हवतं."

आवाज बाईचा होता. कडूबाईचा म्हणावा तर तसाही नव्हता, आणि परका म्हणावा तर तोही नव्हता. दुपारी तिनं नवऱ्याला नुसतं विचारलं, कडूबाईचं काही कळलं का म्हणून. राधाकिशन म्हणाला, "परवा कारखान्याचा टरकवाला आलता की. बेस हायेत दोघं. कावून?"

"कावून न्हाई. आपलं इचारलं."

४

दुसऱ्या दिवशी तीच वेळ, तीच फुंकणी, तीच हाक. "अक्का, इस्तू हाय का?"

साखराबाई भित्री बाई नव्हती. विहिरीत साप असला तरी घागर सोडणारी. तिनं विचार केला, वारं असेल तर उत्तर दिल्यानं काही बिघडत नाही, आणि वारं नसेल तर उत्तर न देणं बरं नव्हे. तिनं तोंड उघडलं. "चूल निवली" एवढंच म्हणायचं होतं. घरात बाळंतीण आहे, नेमाला धरून होतं. तेवढ्यात आत लेकरानं उचकी दिली, बारीकशी, आणि साखराबाईच्या तोंडचे शब्द तोंडातच राहिले. समोर ढणढणती चूल, आत मुठीएवढं लेकरू, आणि आपण म्हणायचं निवली?

मग तिनं वेगळं केलं. तिला वाटलं, हे चांगलं शहाणपणाचं केलं. तिनं वीट काढली. गोवरीचा तुकडा घेतला, त्यावर बाभळीचा एक निखारा ठेवला, आणि दिवळीत सरकवून वीट परत बसवली. पलीकडं कुणी नाहीच, तर घेणार कोण? निखारा दिवळीतच पडून राहील, त्याची राख होईल, उद्या ती राख डोळ्यांनी बघितली की मन ठिकाणावर येईल. इस्तू घराबाहेर गेला असंही होणार नाही, कारण दिवळी घरातच.

फुंकणीचा आवाज थांबला. त्या दिवशी भाकरी सुरेख फुगल्या आणि साखराबाईला बरं वाटलं.

५

सकाळी वीट काढली तर दिवळी रिकामी. राख नाही, गोवरीचा भुगा नाही. बोटानं पुसून घेतल्यासारखी स्वच्छ.

"उंदरानं नेला असंल," राधाकिशन म्हणाला.

"जळता इस्तू उंदीर नेतो व्हय?"

"दुष्काळ हाय बाई. उंदीर बी काय बी खायला लागलेत," असं म्हणून तो आपल्याच विनोदावर हसत केंद्राकडं गेला. साखराबाईला हसू आलं नाही. आपण नेम मोडला हे तिला आता पुरतं कळलं होतं, आणि ते कुणापाशी बोलायची सोय नव्हती.

हाक पुन्हा आली नाही. पण पलीकडं फुंकणी आता उठल्यापासून चालायची. पहिल्यांदा दमदार, सावकाश, चांगल्या जाळाला घालावी तशी फुंकर. आणि ते ऐकता ऐकता तिला आणखी काही ऐकू यायला लागलं. फुंकर सावकाश असली की आत लेकरूही सावकाश श्वास घ्यायचं. फुंकर थांबली की तेही थांबायचं. पलीकडं फुंकर घाईघाईनं बसायला लागली, जाळ धरत नसला की बाई जशी घालते तशी, की इकडं लेकराची छाती भात्यासारखी वरखाली.

साखराबाईनं मनाला सतरा कारणं दिली. म्हातारपणी कान वाजतात. लाकूड ओलं असेल. काजळी धरली असेल आणि नजरेला दिसत नाही असा धूर घरात साठत असेल. एका सकाळी तिनं तवा उतरवून ठेवला, धुराड्यातून दोरी फिरवली. चिंधी होती तशी वर आली, जरा काळी, बस. तिनं झडप बघितली. दारं उघडली. शेवटी लेकराला उचलून सुंदरबाईला म्हणाली, "चल भाईर, अंगणात."

अंगणात ऊन होतं, मोकळं वारं होतं, धुराचा मागमूस नव्हता. लेकराची छाती तशीच चाललेली. घाईघाईनं, मग थांबून, मग पुन्हा घाईघाईनं. ओठांच्या कडा निळसर.

"माय, ह्याला काय होतंय गं?" सुंदरबाई रडकुंडीला आली.

साखराबाई लेकराकडं बघत होती आणि तिचा कान भिंतीकडं होता.

६

राधाकिशन गाडी बघायला धावला. केजला डॉक्टरकडं न्यायचं तर एस्टी दुपारची. जाता जाता त्यानं गहिनीनाथला पाठवून दिलं, चूल तपासायला. गहिनीनाथ आला, चुलीत डोकावला, धुराड्याला कान लावला, झडप दोनदा वरखाली केली.

"चुलीत खोट न्हाई, मावशी. म्या वरून बघतो."

शिडी लावून तो माळवदावर चढला. साखराबाई खाली अंगणात उभी.

"मावशी," तो वरून म्हणाला, "तुमची चूल पेटलेली हाय का आत्ता?"

"न्हाई. सकाळीच वढून घेतली की लाकडं. लेकरामुळं."

गहिनीनाथ पलीकडच्या माळवदाकडं वळला. मग म्हणाला, "म्हाळूकडं कुणी हाय का?"

"कुणी न्हाई. कावून?"

तो शिडीवरून खाली उतरला तेव्हा त्याची नजर म्हाळूच्या माळवदाकडं होती. तिथल्या सवण्यातून, उजेड आत यायला ठेवलेल्या त्या भोकातून, धुराची एक बारीक दोरी सरळ वर जात होती. साखराबाईनंही बघितली. निळसर, कोरडी. बाभळीचा धूर तिला कुणी ओळखून दाखवायची गरज नव्हती.

"चा ठिवते," ती म्हणाली. सवयीनं म्हणाली, दुसरं काय बोलावं ते सुचलं नाही.

"नगं. घरी काम हाय," गहिनीनाथ म्हणाला. थापी, ओळंबा गोळा केला आणि गेला. पाठीमागं बघितलं नाही.

७

आता साखराबाईला सगळं उघड वाटलं. आपण दिलेल्या इस्तवावर पलीकडं कुणीतरी चूल मांडली आहे, आणि ती चूल आपल्या लेकराच्या श्वासावर फुंकली जाते आहे. मग करायचं एकच. ती चूल निववून टाकायची. आदल्या दिवशी टँकर येऊन गेला होता. घरात होती नव्हती ती एक घागर पाणी तिनं कमरेवर घेतली आणि कनवटीची किल्ली काढली.

राधाकिशन तेवढ्यात परत आला. एस्टी त्या दिवशी यायचीच नव्हती. "अगं, प्यायचं पाणी हाय ते! कुठं निघालीस?"

"या माझ्यामागं. न्हाई तर नगा येऊ."

कुलूप गंजलं होतं, पण निघालं. उन्हातून एकदम अंधारात गेल्यावर डोळ्यांपुढं काळंनिळं होतं, तसं झालं. त्या काळ्यानिळ्यात तिला चुलीपुढं बसलेल्या बाईची पाठ दिसली. वाकलेली, फडकं बांधलेलं डोकं, मानेची दोन हाडं. साखराबाईचं पाऊल वाजलं तशी ती बाई जरा बाजूला सरकली. चुलीपाशी दुसरी बाई आली की जागा करून द्यायला पहिली सरकते, तेवढंच.

मग डोळे निवळले आणि तिथं कुणी नव्हतं. म्हाळूच्या वाकळा गुंडाळलेल्या. भांडी पालथी. सगळ्यावर धूळ, आणि धुळीत एक पाऊल उमटलेलं नाही. चुलीपुरती जागा मात्र सारवलेली होती, सारवणातले हाताचे पंजे अजून ओले. चुलीत एकच निखारा होता, जेमतेम लाल. त्याच्याशेजारी कडूबाईच्या पोळपाटाचा अर्धा जळलेला तुकडा. आणखी काही जाळायला शिल्लक दिसत नव्हतं.

साखराबाईनं घागर कलती केली. तोंडाशी आलेल्या पाण्याचा एक थेंब आधी पडला. चर्र झालं.

भिंतीपलीकडून सुंदरबाई किंचाळली. "माय! लेकरू! लेकरू श्वास घेईना गं!"

साखराबाईनं घागर झटक्यात सरळ केली. निम्मं पाणी तिच्या लुगड्यावर सांडलं. ती गुडघ्यांवर पडली, तोंड चुलीत घातलं आणि त्या निखाऱ्यावर हलकीच फुंकर घातली. निखारा थोडा उजळला. तिनं पुन्हा घातली, सावकाश, न थांबता. पलीकडं लेकरानं बारीक टाहो फोडला. असं काही ऐकून कुणाला आनंद झाला असेल तर तो साखराबाईला.

ती थांबली. निखारा मंदावला, आणि टाहोही मंदावला. मग तिला कळलं. फुंकणारी श्वास घेऊन जात नव्हती. जाळायला काही उरलं नसताना फुंकर घालघालून ती तो इस्तू जागता ठेवत होती. साखराबाईनं पोळपाटाचा तुकडा हातानं मोडला आणि निखाऱ्याला लावला. आपण बसलोय ती जमीन कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी ऊबदार आहे, हेही तिच्या ध्यानात आलं. पण त्याकडं बघायला तिला वेळ नव्हता.

राधाकिशन दारात उभा होता, एक पाय आत, एक बाहेर. "विझवलंस का?" त्यानं विचारलं.

"त्यो शब्द काढू नगा हितं!" ती इतक्या जोरानं ओरडली की तो चपापला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "सरपण आना. आपल्या घरातलं सगळं आना."

"आगं, चार लाकडं तर हायेत. रानात आता वाळली काडी सुदिक न्हाई. किती दिस पुरणार हायेत ती?"

"मग ह्या दाराची चौकट काढा. फळ्या काढा. कडूबाईला म्या सांगीन काय सांगायचं त्ये."

राधाकिशननं तिच्याकडं बघितलं. मग तिच्या शेजारी, चुलीच्या दुसऱ्या बाजूला बघितलं. तिथं तो थोडा वेळ बघतच राहिला. आणि परक्या बाईसमोर पुरुष घालतो तशी मान खाली घालून, डोईची टोपी नीट करत, तो कुऱ्हाड आणायला वळला.